दुरुस्तीला गेलेलं मशीन

आमच्या काचेच्या कारखान्यात युनियनची वर्गणी पगार हातात पडायच्या आधीच कापतात. नको म्हणायची सोय नाही. युनियन सुटली की नोकरी सुटली. पॅकिंगमधल्या एकानं हिशेब मागितला, तर आधी युनियननं त्याला काढलं, मग कारखान्यानं. वर आरोग्य फंड वेगळा. मी बाटल्या तपासते, नवरा भट्टीवर होता, म्हणजे एकाच घराला दोनदा कात्री. मी कुरकुरले की हा म्हणायचा, "अगं, आपलीच माणसं आहेत. अडीअडचणीला तीच धावतील."

धावले मेले!

भट्टीनं ह्याची छाती पोखरली. आता मोरीपर्यंत गेला तरी ओठ निळे पडतात. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, घरी ऑक्सिजनचं मशीन लावा, नाहीतर हिवाळा निघायचा नाही. तसलं मशीन युनियननं फंडातून घेतलं होतं, सभासदांसाठीच. फीत कापली तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या ह्यानंच वाजवल्या होत्या.

युनियनच्या सचिवाला आम्ही मागून 'मधाचं बोट' म्हणतो. जाईन तेव्हा तेच, "वहिनी, मशीन दुरुस्तीला गेलंय. आलं की पहिलं तुमच्याकडे." काल तर ऑफिसलाच कुलूप. मग मी तडक त्याचं घर गाठलं. दुमजली, नवंकोरं. हा सचिवही एकेकाळी माझ्यासारखाच बाटल्या तपासायचा, आणि आता जिना संगमरवरी!

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून घरघर ऐकू येत होती. पुढच्याच खोलीत त्याची आई पलंगावर, नाकाला नळी, आणि उशाशी आमचं मशीन. युनियनचं स्टिकर खरवडलं होतं, पण कडा तशाच होत्या. दिवसभर काचेतला तडा शोधणाऱ्या बाईच्या नजरेतून ते सुटतंय होय?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वाकले आणि प्लगला हात घातला.

"कोण ते?" म्हातारीनं डोळे उघडले. "कारखान्यातली का गं तू?"

"हो."

"बस की. तुम्हा पोरींचे उपकार कसे फेडू गं? पोरगा सांगत होता, सगळ्यांनी आपखुशीनं पैसे काढले, त्याच्या आईसाठी." तिनं माझा दुसरा हात धरला. बोटं बर्फासारखी गार. "तुझ्या घरी सगळी धडधाकट आहेत ना?"

कप्पाळ माझं! चोर तिच्या पोटी आला, ह्यात तिचा काय दोष? प्लगवरचा हात निघाला. मला रडू फुटलं, ते रागाचं होतं.

"आहेत, आजी," मी म्हणाले आणि बाहेर पडले. माझ्या जागी दुसऱ्या कुण्या बाईनं प्लग उपटला असता, तर मी तिला नावं ठेवली नसती.

घरी हा उशांना टेकून बसला होता. दार वाजताच मान वर केली.

"मिळालं?"

खरं सांगितलं असतं तर हा उठून तिकडे निघाला असता, आणि वाटेतच कोसळला असता. पॅकिंगवाल्यासारखी माझीही नोकरी गेली, तर औषध कशानं आणायचं?

"दुरुस्तीला गेलंय," मी म्हणाले.

"मग येईल की." त्याला धाप लागली, तरी तो हसला. "बघ, मी म्हणत नव्हतो? वर्गणी कधी वाया जात नाही."