डाव्या हाताचं चाक

ठाकूरद्वारच्या तात्या वकिलांनी विलायतेला निघालेल्या एका साहेबाच्या लिलावात जुनं अमेरिकन घड्याळ घेतलं. वरच्या तबकडीत वेळ, खालच्या तबकडीत तारीख, आणि दर चार वर्षांनी येणारा फेब्रुवारीचा जादा दिवससुद्धा ते आपण होऊन दाखवी. सगळं मूळचंच आहे की मागाहून कुणी हात घातलाय, हे पाहायला त्यांनी महादेव घड्याळजीला बोलावलं. गिरगावात महादेवचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

महादेवनं घड्याळ उघडलं. पेटीला वाळवी नव्हती, तबकडीचा कागद जरासा पिवळा पडलेला, चावीची कमान शाबूत. मग तारखेचं चाक भिंगाखाली आलं आणि त्यानं भिंग पुसून पुन्हा पाहिलं. बाकीची चाकं यंत्रानं ठोकून काढलेली, हे एकच हातानं कापलेलं. त्यावर कानशीचे ओरखडे उलट्या बाजूला झुकलेले. डावखुरा कारागीर! गिरगावात असा एकच, जगन. दोघे एकाच उस्तादाकडे शिकले. "जगनचा हात बघा," असं उस्ताद मरेपर्यंत म्हणत राहिला, आणि ते ऐकून ऐकून महादेवचं काळीज करपलं होतं.

चाक इतकं सुरेख होतं की त्याला रडूच यावं. असं आपल्याला जन्मात जमणार नाही, हे त्याला तिथंच कळून चुकलं. खरं सांगितलं, तर तात्या उद्या गावभर जगनचे गोडवे गाणार.

"अस्सल आहे ना रे?" तात्यांनी विचारलं.

"नखशिखांत अमेरिकन," महादेव म्हणाला. "कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही."

मेल्या जगनचं नाव तरी निघालं नाही, या समाधानात तो घरी जाऊन पोटभर जेवला.

तात्यांनी हा निवाडा आल्यागेल्याला ऐकवला. फिरत फिरत तो जगनच्या कानी गेला. भर दुपारी, महादेवच्या दुकानात गिऱ्हाइकं असताना, जगन पेढे घेऊन आला आणि त्याच्या पाया पडला.

"दादा, तात्यांच्या घड्याळातलं तारखेचं चाक माझं! साहेबाकडं असताना तुटलेलं, तेव्हा मीच करून बसवलं. तुम्हाला पण नाय कळलं? आज उस्ताद हवे होते!"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मनात काडीचं कपट नव्हतं, आणि महादेवला तेच सोसेना. कळलं होतं म्हणावं, तर तात्यांना थाप मारल्याची कबुली. नाही म्हणावं, तर जगन सरस. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"नाही रे कळलं," तो शेवटी म्हणाला.

मग मघापासून ताटकळलेल्या एका शेठजींनी हातातलं बंद पडलेलं घड्याळ परत खिशात घातलं आणि जगनला विचारलं, "तुमचं दुकान कुठं हो?"