खरी काच

बाटली पडली, पण फुटल्याचा आवाज काही आला नाही. ओल्या जमिनीवर उशी आपटावी तसं धप्प झालं, काचेला असंख्य चिरा गेल्या आणि पोटात लाथ बसल्यासारखी ती बाटली जागच्या जागी मुडपून पडली. पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "जपून हो बाई, गुदगुल्या होतील." आणि सगळा तंबू खदखदून हसायला लागला.

पडद्याआड उभ्या असलेल्या मामाने त्या वेळी डोळे मिटून हात जोडले होते. बाटल्या हवेत झेलता झेलता एक बाटली भाचीच्या मनगटावर आदळून खाली गेली होती आणि मनगटावर साधा ओरखडाही उठला नव्हता. देवा, राखलंस रे पोरीला, असं तो पुटपुटला. त्याला एवढंच दिसत होतं. भाचीला मात्र समोरचे उघडे दात दिसत होते.

मामा हा त्या खेळाच्या कंपनीतला सामानवाला. भाची मामा म्हणायची म्हणून मालकापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळेच त्याला मामा म्हणत. त्याची बहीणही पूर्वी याच तंबूत बाटल्या झेलायची. एकदा बाटली तिच्या हातातच फुटली आणि शीर तुटली. तेव्हापासून तिची तीन बोटं वळत नाहीत. वेणी घालायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागतो. पुढे तिच्या मुलीने त्याच बाटल्या उचलल्या, तेव्हा मामाने मनाशी खूणगाठ बांधली की काच राहील, पण पोरीला कापणार नाही.

बोलायला सोपं, करायला वर्षं गेली. बाटलीच्या आत पारदर्शक चिकट लेप ओतायचा, बाटली तान्ह्या बाळासारखी हलकेच फिरवत राहायची, लेप सगळीकडे बसला की उलटी टांगून वाळवायची. मग बाहेरून तसाच एक पापुद्रा. लेप जाड झाला तर दिव्याच्या उजेडात बाटली दुधाळ दिसे, पातळ झाला तर फुटल्यावर फाटे. बोट फिरवून मामाला त्याची जाडी कळायची. बाटली फिरवताना तो नाम घ्यायचा. त्याचा जप आणि त्याचं काम कधी एकमेकांपासून वेगळं झालंच नाही. शेवटी साधलं. बाटली फुटली तरी तुकडे लेपाला धरून राहू लागले, एकही सुटेना.

फक्त काचेचा आवाज गेला. लेपाने तो गिळला, त्याला इलाज नव्हता.

"मामा, ही काच आहे की भोपळा?" मालकाने तेव्हाच विचारलं होतं. मग तोड निघाली. खेळाच्या सुरुवातीला एक साधी बाटली लोकांसमोर हातोडीने फोडायची, खणखणीत आवाज होऊ द्यायचा, तुकडे उधळू द्यायचे. लोकांनी समजावं की पुढच्या सगळ्या तशाच. भाचीच्या हातून बाटली पडत नव्हती तोवर हे निभावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची मामाच्या खोलीत आली. लेप दिलेल्या बाटल्या दोरीला टांगलेल्या होत्या, त्यांच्यातून वाट काढत ती टेबलापाशी उभी राहिली. मामाने आधी मनगटाची चौकशी केली.

"काही नाही झालं," ती म्हणाली. "झालं असतं तर बरं होतं."

"असं अभद्र बोलू नये, पोरी."

"आईचा हात कापला तेव्हा अख्खा तंबू उभा राहिला होता. अजून सांगते ती. आणि मला हसले. मामा, मला कापलेलं चालेल, हसलेलं नाही चालणार. साध्या बाटल्या दे."

"आईला विचारलंस?"

"तिनेच पाठवलंय मला."

मामाला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. पण भाचीचा चेहरा सांगत होता की चुकलो नाही. बहिणीच्या ज्या हातासाठी त्याने हे सगळं मांडलं होतं, त्या हातानेच ते मोडून टाकलं. तो खाली बसला.

तेवढ्यात मालकही आला. तो काही वाईट माणूस नव्हता; सणकी नव्हता, शिव्या देत नव्हता. त्याने शांतपणे सांगितलं की कालच्या हसण्याचा बभ्रा गावभर झालाय, आज खुर्च्या रिकाम्या राहतील. मग टांगलेल्या बाटल्यांवरून नजर फिरवत म्हणाला, "लोकांना काच दिसतच नाही, मामा. रक्त दिसतं. ते एकदा दिसलं की काच आपोआप खरी होते. मग बाटली कशी का वाजेना, कोण ऐकतंय?"

 मामाने डावा पंजा पुढे केला.

"रक्तच हवं ना? माझं चालेल? पोरीला लेपाच्याच बाटल्या राहू द्या."

बाजारात वांगं उलटंपालटं करून बघावं तसा मालकाने तो पंजा फिरवून पाहिला. "चालेल की. म्हातारं आहे, पण लाल तर असेल."

भाची खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "पण कण्हायचं नाही हं, मामा. लोकांचा मूड जातो."

त्या संध्याकाळपासून नवा रिवाज पडला. मालक हातोडीने साधी बाटली फोडायचा, प्रेक्षकांतल्या एकाला बोलवायचा, हवा तो तुकडा उचलायला सांगायचा. मामा समोर डावा हात धरायचा आणि त्या माणसाने तुकड्याने त्यावर चीर पाडायची. कोणी नुसतं टेकवल्यासारखं करून पळे. पण असेही निघत की विचारू नका. एकदा परीटघडीचे कपडे घातलेला एक गृहस्थ मांडीवरची मुलगी बायकोकडे देऊन आला, आणि मामाच्या डोळ्यांत बघत, हसत हसत, त्याने पंजावरून काच सावकाश ओढत नेली. परत जाताना त्याने मुलीला हात दाखवला. मामाने मनातल्या मनात नाम घेतलं आणि ओठ मिटून ठेवले.

मालकाचा होरा खरा ठरला. काही दिवसांनी भाचीच्या हातून पुन्हा बाटली निसटली, तसाच धप्प आवाज झाला, पण कोणी हसलं नाही. एका बाईने पोराचे डोळे झाकले. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. भाची वाकून नमस्कार करत राहिली. मामा पडद्याआड हाताला फडकं गुंडाळत होता. आत येताना ती त्याच्या अंगावरून गेली, तिच्या चेहऱ्यावर तरतरी होती, आणि ती थांबली नाही.

थांबली असती तर काय म्हणाली असती, हे मामा पुष्कळ दिवस मनात घोळवत राहिला. माणसाचं मन असंच वेडं. अंगावर घाव घेऊन वर आशाही धरतं. पंजावर आता जागा उरली नव्हती. जुन्या जखमेवरच नवी यायची. बाटली फिरवायला दोन हात लागतात आणि डावा आता नीट चालत नव्हता, म्हणून लेप एका बाजूला जाड बसू लागला. तो तसल्या बाटल्या बाजूला टाकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून करायचा.

एका संध्याकाळी खेळाआधी भाची आपण होऊन त्याच्या शेजारी येऊन बसली. बाहेर लोक जमत होते. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला, फडक्याची गाठ सोडली, घडी घडी हळूच उलगडली. चिकटलेल्या ठिकाणी पाण्याचं बोट लावून मगच ओढलं. किती वर्षांनी कोणी आपल्याला असं हात लावतंय, हे मामाला आठवेना.  

तिने पंजा दिव्याकडे वळवून नीट पाहिला.

"मामा," ती मायेने म्हणाली, "जरा वर धरत जा ना. मागच्या रांगेला दिसत नाही."

त्या संध्याकाळी मामाने हात डोक्याच्याही वर धरला. रक्त मनगटावरून ओघळत बाहीत शिरलं, कोपरापर्यंत उतरलं. अगदी मागून, जिथे दिव्याचा उजेडही पोचत नाही तिथून, टाळी आली.