मागच्या कोपऱ्यातला वारा

धनेशने कपाट आईच्या खोलीत ठेवलं, कारण घरातला दुसरा एसी त्याच खोलीत होता. हे कपाट कपड्यांचं नव्हतं. पुरुषभर उंच, चहूबाजूंनी बंद, पुढे काचेसारखं दार, वर एक छोटा पंखा आणि हवेची जाळी, आत तारेच्या चार फळ्या आणि प्रत्येक फळीवर जांभळट दिवे. फळ्यांवर ट्रे मांडलेले आणि ट्रेमध्ये मोहरी-मुळ्याचे बोटभर कोंब. हॉटेलवाले ते ताटात शोभेला घालतात. तळोज्यातली नोकरी गेल्यापासून धनेशने हाच धंदा धरला होता. दिवसभर तो हॉटेलांचे उंबरे झिजवत फिरे, सून उन्नती बँकेत जाई आणि कोंबांपाशी उरत त्या विमलबाई.

"दर दोन तासांनी फवारा मार, आई. चुकवू नकोस. आणि दार उघडं टाकू नकोस."

कामोठ्यातली ही इमारत चौदा मजल्यांची, त्यांचं घर बाराव्यावर. विमलबाईंचे गुडघे गेलेले. खाली उतरून बाकावर टेकून परत वर यायचं, तर दोन तास सहज जायचे. म्हणून त्यांनी खाली जाणंच सोडलं.

कपाटावर लक्ष ठेवायला धनेशने भिंतीवर कॅमेरा लावला होता. त्यात कपाटाबरोबर पलंगही दिसे. विमलबाई लुगडं बदलायला बाथरूममध्ये जाऊ लागल्या. दुपारी जरा डोळा लागला, की भिंतीवरच्या त्या कॅमेऱ्यातून धनेशचा आवाज येई, "आई, झोपलीस काय? चारचं पाणी राहिलं."

महिन्याभरात एक खोट दिसू लागली. वरच्या फळीवरचे कोंब ताठ उभे राहत, आणि सगळ्यात खालच्या फळीवर, मागच्या कोपऱ्यात, देठ काळे पडून आडवे होत. मातीवर पांढरी बुरशी धरे.

"तू तिथे पाणी जास्त घालतेस, आई."

"सगल्यांना सारकाच पानी हाय," विमलबाई म्हणाल्या. धनेशने ऐकल्यासारखं केलं.

त्याने आत आणखी एक छोटा पंखा लावला. पंख्यासमोरचे कोंब झोडपून सुकले, कोपरा मात्र सडायचा तो सडतच राहिला. मग खारघरच्या एका हॉटेलने तीन ट्रे परत पाठवले. एका बाजूने ताजे, दुसऱ्या बाजूने सडके. आम्हाला सगळे सारखे पाहिजेत, असा निरोप आला. त्या संध्याकाळी धनेश जेवला नाही. कपाटासमोर फरशीवर बसून, मोबाइलचा उजेड कोपऱ्यात मारत तो नुसता बघत राहिला. चाळिशीतला मुलगा, पण पाठ म्हाताऱ्यासारखी वाकलेली.

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर त्यांनी देवघरातली उदबत्ती पेटवून आणली, कपाटाचं दार उघडलं आणि वरच्या फळीपाशी ती धरली. धूर पंख्याच्या झोतात सापडला आणि सरळ कपाटाच्या छताजवळच्या जाळीतून बाहेर पळाला. मग त्या गुडघे दाबत खाली बसल्या आणि उदबत्ती मागच्या कोपऱ्यात नेली. इथे धूर दोरीसारखा सरळ वर चढला, त्याच्या वरच्या फळीतल्या ट्रेला टेकला आणि तिथेच साचून राहिला.

"हितं वाराच नाय," त्या स्वतःशी म्हणाल्या. गावच्या अंगणात बारीक कोळंबीचा जवळा वाळत घालायच्या, तेव्हाही भिंतीच्या आडोशाला पडलेला आधी वास मारायचा.

"आई! धूर कसला? आग लागली काय?" भिंत ओरडली.

"आग नाय. उदबत्ती हाय."

"कपाटात उदबत्ती? दार बंद कर! काही हलवू नकोस, मी येतो!"

"येऊ नको. मना काम करू दे," विमलबाई भिंतीकडे न बघताच म्हणाल्या.

ट्रे मागच्या भिंतीला घट्ट टेकवलेले होते, त्यामुळे खालची हवा वर जायला वाटच नव्हती. त्यांनी खालच्या फळीवरचे ट्रे चार बोटं पुढे ओढले, मागे फट ठेवली. त्याच्या वरच्या फळीवर फट पुढे ठेवली, त्याच्या वर पुन्हा मागे. म्हणजे हवा प्रत्येक ट्रेवरून फिरूनच वर जाणार. एक पंखा काढून तळाशी ठेवला, तोही कोंबांकडे नाही, बाजूच्या भिंतीकडे तोंड करून. आपटून येणारा वारा मऊ असतो. दुसरा पंखा वर जाळीपाशी उलटा बसवला, आतली हवा बाहेर ओढायला. मग पुन्हा उदबत्ती फिरवली, खालचा पंखा जरासा वळवला, पुन्हा धूर पाहिला. चौथ्या खेपेला चारही फळ्यांवर, पुढे आणि मागे, धूर सारखाच हलकेच डुलला. गुडघे सुजले होते, पण विमलबाई तिथेच बसून कितीतरी वेळ तो बघत राहिल्या.

आठवड्याने ट्रे निघाले, तेव्हा सगळे कोंब एका उंचीचे. खारघरचं हॉटेल पुन्हा ट्रे घ्यायला लागलं. धनेशने आईचे हात धरले. "तुला कसं काय जमलं गं?" विमलबाई लाजल्या. किती दिवसांनी त्याने त्यांना काही विचारलं होतं.

आणि पुढच्या सोमवारी दोन माणसं दुसरं कपाट घेऊन आली. जागा एकच होती, खिडकीसमोर.

"खिडकीपुढं नको रं," विमलबाई म्हणाल्या.

"तळोज्याच्या कारखान्यांचा वास येतो म्हणून आपण ती बंदच ठेवतो ना, आई?"

"बंद हाय, पन दिसतं तरी."

"थोडे दिवस. मोठी जागा मिळाली की हलवतो. आणि तुझ्याशिवाय हे कोणाला जमणार, सांग?"

कपाट बसलं. समोरचं मैदान, त्यापलीकडचे डोंगर, सगळं त्याच्या पाठीमागे गेलं. खोलीत दिवसा जांभळा उजेड पडू लागला.

चौथ्या दिवशी दुपारी विमलबाईंनी घराचं दार उघडलं, प्लास्टिकचा स्टूल ओढत लिफ्टपाशी नेला आणि जिन्याच्या जाळीखाली बसल्या. जाळीतून वारा येत होता, थोडा वासाचा, पण वारा. आतून हाका ऐकू येत होत्या. "आई? कुठे आहेस? आई, पाणी राहिलं!" त्या हलल्या नाहीत. अर्ध्या तासाने धनेश धापा टाकत लिफ्टमधून बाहेर पडला.

"काय झालं? पडलीस काय? जीव गेला माझा."

"तो भिंतीवरचा डोला काढ," विमलबाई म्हणाल्या. "नायतर मी पानी घालनार नाय."

धनेशने आत जाऊन कॅमेऱ्याचे स्क्रू काढले. खिडकीपुढचं कपाट हलवायची गोष्ट मात्र त्याने काढली नाही, आणि त्यांनीही नाही. दोन कपाटं, आठ फळ्या, सगळीकडे सारखा वारा. कोंब तरारून वर येत होते.

विमलबाई अजून थोडा वेळ जाळीखाली बसल्या. मग आतल्या घड्याळात चारचे ठोके पडले. कोंबांनी त्यांचं काय बिघडवलं होतं? त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि फवारा घ्यायला आत गेल्या.