फुकट धरून बघ

सुकन्याने बटण दाबलं आणि दुधनीच्या रकान्यात शून्य आलं.

"परत बगा," महिपतराव म्हणाले. "पयल्या खेपेला चुकत असेल."

"परतच बघितलं, साहेब. सकाळपासून तेच चाललंय."

महिपतरावांनी चष्मा वर सरकवून लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. शून्य गोल, स्वच्छ आणि बिनतक्रार होतं. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दुकानाच्या माडीवर एवढी स्वच्छ वस्तू दुसरी नव्हती.

धंदा कडक भाकरीचा आणि शेंगाचटणीचा. चटणी दुकानामागच्या खोलीत कुटली जायची. थोड्या भाकऱ्याही तिथंच व्हायच्या. बाकीच्या भाकऱ्या कानडी हद्दीवरच्या दुधनी गावातल्या बायका थापून, वाळवून पाठवायच्या. सगळा माल पेठेत गोळा होऊन भाड्याच्या ट्रकने लांब पुण्याच्या दुकानांना जायचा. कुठं काय किती करायचं आणि कुणाला काय धाडायचं, हे महिपतराव इतकी वर्षं दात घासताना ठरवत आले होते. मग एका उद्योजक मेळाव्यात कुणीतरी लिनिअर प्रोग्रॅमिंगवर भाषण दिलं. आपल्या सगळ्या अडचणी समीकरणांत मांडल्या की जास्तीत जास्त नफ्याचा रस्ता कंप्यूटर आपोआप काढून देतो, हे ऐकून महिपतराव भारावले. तेव्हापासून ते दात घासताना फक्त दात घासू लागले.

समीकरणं मांडायला त्यांनी संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या सुकन्याला नोकरीवर ठेवलं. मुलाखतीत ती 'तू' होती. पहिला आलेख काढून दाखवल्यावर 'म्याडम' झाली.

"अडतंय कुटं पण?"

"ट्रकातल्या जागेवर. भाकरीच्या खोक्यावर काही ठेवता येत नाही. जागा अडते पुष्कळ आणि पैसे सुटतात थोडे. चटणी तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मावते, शिवाय निमूट दबून राहते. दुकानांना ज्या थोड्या भाकऱ्या लागतात, त्या पेठेतल्या पुरतात."

"दुसरा ट्रक?"

"अर्धा रिकामा जातो, भाडं अंगावर येतं. तेही विचारून झालं त्याला."

"म्हंजे दुधनी बंद म्हणतंय." महिपतरावांनी आवाजात दुःख आणलं. दुधनी बंद करावी असं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. पण तिथली मुख्य बाई मल्लव्वा त्यांना राखी बांधायची, त्यामुळे ते तोंडातून निघत नव्हतं. "मी न्हाय हं म्हणत. ते म्हणतंय. तुमीच कळवा, म्याडम. तुमाला त्यातलं कळतंय."

सुकन्याने फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या रेल्वेने मल्लव्वा स्वतःच हजर झाली. महिपतराव तेवढ्यात बँकेत गेले.

मल्लव्वा खुर्चीत टेकली, पिशवी मांडीवर घेतली आणि पाहुण्याच्या दारातल्या कुत्र्याकडे बघावं तसं तिने लॅपटॉपकडे बघितलं.

"ह्योच व्हय?"

"हाच."

"मजुरी निम्मी धर."

सुकन्याने निम्मी धरली. शून्य.

"आता फुकट धरून बघ."

"मावशी, फुकट कोण काम करेल?"

"करतंय कोन? धर म्हनलं. धरायला काय जातंय तुजं?"

सुकन्याने दुधनीची मजुरी पुसली, तिथं काहीच ठेवलं नाही आणि बटण दाबलं. मग तिने पडदा थोडा आपल्याकडे वळवून घेतला.

"काय म्हनतंय?"

"तेच."

"फुकटबी नगो?"

"नको."

"याक?" मल्लव्वाची मराठी संपली की कानडी सुरू व्हायची. "का पन?"

"ट्रकात जागा नाही."

"आमी कुटं बसतोय ट्रकात?"

सुकन्याला हसू आलं आणि मल्लव्वाचं तोंड बघून ते आतच राहिलं. मल्लव्वा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. खाली खलबत्ते सुरू झाले, तेव्हा तिने बंद सोडला.

"काम गेलं ते गेलं. पन आमच्यातली रंभाबाई म्हनती, मल्लव्वानं आपलं तेवडं साधून घेतलं. जावई माजा महिपतरावांच्याच टेम्पोवर हाय, दिसतंय की सगळ्यांला. मी जाऊन शून्य आलं म्हनलं तर कोन ऐकनार? तू ये. ह्याला घेऊन ये. सगळ्यांम्होरं दाब."

"तिथं दाबून काही बदलणार नाही, मावशी."

"बदलायला कुटं बोलावतीय? मला त्या गावात ऱ्हायचंय."

गुरुवारी सुकन्या दुधनीला गेली. पत्र्याच्या शेडमध्ये चुली पेटलेल्या होत्या. काम थांबवा असं कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि न सांगता थांबायची बायकांना सवय नव्हती. एका रिकाम्या खोक्यावर लॅपटॉप ठेवून सुकन्या वाकून उभी राहिली. रंभाबाई हाताची घडी घालून पुढेच बसली होती.

"दाबा," ती म्हणाली.

शून्य आलं.

"हे दुधनीचं झालं. माजं बगा."

"यात प्रत्येकीचं वेगळं नाही, बाई. सगळं दुधनी म्हणूनच आहे."

"मग दुधनी पुसा की. तितं रंभाबाई लिवा."

"नाव बदलून उत्तर बदलत नाही."

"मग लिवायला काय हरकत हाय?"

या प्रश्नाचं उत्तर एम.एस्सी.च्या दोन्ही वर्षांत कुठे आलं नव्हतं. सुकन्याने 'दुधनी' पुसून 'रंभाबाई' लिहिलं. फोटो काढताना घेतात तसा रंभाबाईने डोक्यावर पदर घेतला. शून्य आलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"बरं," म्हणाली आणि बाजूला झाली.

मग रांग लागली. गिरिजाबाईने आधी हात धुऊन घेतले. सारजाबाई म्हणाली, "तेला आदी सांगा, माजी भाकरी फुकलं तर उडती, इतकी पातळ." सुकन्याने हो म्हटलं आणि फक्त नाव लिहिलं. केराबाईला ताप होता. तिने सुनेबरोबर आपलं नाव पाठवलं होतं. प्रत्येकीचं शून्य आलं की बाकीच्या "आलं गं, तुजंबी आलं" म्हणत, आणि जिचं आलं ती परत चुलीपाशी जाऊन बसे.

"आता हिचं," रंभाबाई म्हणाली.

थापणारे हात थांबले. मल्लव्वाने पदर घेतला नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"नीट लिवा हां," रंभाबाई म्हणाली. "आमचंच परत दावू नका."

सुकन्याने मल्लव्वाचं नाव लिहिलं, सगळ्यांना दिसेल असा पडदा वळवला आणि बटण दाबलं.

शून्य.

रंभाबाईने ते बघितलं, मग मल्लव्वाकडे बघितलं, मग पुन्हा ते बघितलं.

"आमच्यापरास जास्त थापतीस," ती म्हणाली. "पेठेला खेपा घालतीस. अन् तुजंबी एवडंच?"

रंभाबाईने आपलं पोतं ओढून शेजारी जागा केली.

"ये. तवा तापलाय."

मल्लव्वा बसली. बसताना तिने एवढा मोठा श्वास सोडला की चुलीच्या तोंडाशी राख उडाली.

सुकन्या लॅपटॉप मिटू लागली.

"थांबा की," रंभाबाई म्हणाली. "तुमचं?"

"माझं यात नसतं." सुकन्याचा पगार ठरलेला खर्च होता. ठरलेला खर्च गणिताबाहेर ठेवायचा असतो.

"आमचंबी नव्हतं. नाव घातलं की आलं."

सुकन्याने मल्लव्वाचं नाव पुसलं आणि तिथं आपलं लिहिलं. गणित दुधनीचंच आहे, नाव नुसतं वर चिकटवलंय, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. तिने बटण दाबलं. बायका वाकल्या.

"अगं बाई," गिरिजाबाई हळूच म्हणाली. "शिकूनबी?"

कुणी हसलं नाही. सुकन्याने त्या एका वाक्यासाठी तोंड उघडलं, आणि रंभाबाईने वर न बघता पिठाचा गोळा तिच्या बाजूला सरकवला.

"मग उबी का? बस की."

सुकन्या बसली. मल्लव्वाने लॅपटॉप तिच्या हातातून घेतला, पदराने त्यावरचं पीठ झटकलं आणि धग लागणार नाही असा भिंतीकडे ठेवला. सुकन्याला थापता येत नव्हतं. तिची भाकरी एका बाजूला जाड राहिली आणि दुसऱ्या बाजूला फाटली. रंभाबाईने ती तशीच उचलून तव्यावर टाकली. खोक्यात बसवायची नव्हतीच.