थोरलेपणाचा दोरा

हे तुम्हाला खरं वाटायचं नाही. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या एकालाही वाटलं नाही, आणि त्यांतले दोघे तर तिथं जातीनं हजर होते. पण भट्टी निवायला अजून तासभर आहे, मडकी गरम असताना बाहेर काढली तर तडकतात, आणि तुम्हाला ती न्यायचीच आहेत. तेव्हा नुसतं बसण्यापेक्षा ऐका. त्या चाकावरच्या म्हातारीकडं लक्ष देऊ नका. तिला ऐकू येत नाही.

गावात दोन भाऊ होते, जुळे. सारखे म्हणजे इतके, की एकाच्या नाकाला मधमाशी चावली तर मलम दुसऱ्याच्या नाकाला लागायचं. आई बिचारी आधी जेवायला वाढायची आणि मग विचारायची, तू कोणता रे? फरक होता तो एकच. एक जण पाव तासानं थोरला होता.

पाव तास म्हणजे किती? दूध उतू जातं आणि चूल पुसून होते, तेवढा. पण त्या तेवढ्यावर थोरल्यानं चाळीस वर्षं काढली. नांगर त्यानं धरायचा, मागनं ढेकळं धाकट्यानं फोडायची. नवे बूट त्याला, टाचा झिजल्या की धाकट्याला. मापाचा प्रश्नच नव्हता, चारी पाय एकाच मापाचे. थोरल्याला सर्दी झाली की शेकोटीजवळ थोरला बसायचा आणि लाकडं फोडायला, स्वतःलाही तीच सर्दी झालेली असताना, धाकटा जायचा.

धाकट्याचं याबद्दल काही म्हणणं नव्हतं. म्हणणं असायला आधी कुणी विचारावं लागतं. पण त्या वर्षी त्याचं मन कुंभारणीवर बसलं. नवरा गेल्यावर भट्टी एकटीनं चालवणारी बाई. हात कोपरापर्यंत चिखलात आणि जीभ मात्र स्वच्छ धुतलेल्या सुरीसारखी. तिलाही हा आवडला होता, कारण ती बोलत असताना मधे तोंड न घालणारा बाजारात हा एकच पुरुष. घोडं अडलं होतं घरच्या रीतीपाशी. थोरल्याच्या आधी धाकट्याचं लग्न होत नसे, आणि थोरल्याला मुली पसंत पडत नसत. एक फार उंच, एक बुटकी, एकीचा भाऊ मोठ्यानं हसतो.

"घाई काय आहे?" थोरला म्हणायचा. "मी काय म्हातारा झालोय?"

"पण मी झालोय," धाकटा म्हणाला.

"कसा होशील? माझ्याहून लहान आहेस तू."

धाकटा जाऊन कुंभारणीच्या ओट्यावर बसला. तिनं चाक न थांबवता सांगितलं, "गव्हाची कापणी होईपर्यंत थांबते. मग भट्टी मोडून भावाच्या गावी जाते. मडकं किती दिवस ओलं ठेवायचं? एक तर भाजा, नाही तर पुन्हा चिखल करा."

"मी बोललो त्याच्याशी."

"केवढ्यानं बोललात?"

धाकटा ओट्यावरची वाळली माती नखानं खरवडायला लागला.

"बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू खपत नाहीत," ती म्हणाली. "माझी माती रोज खपते. तुमच्या गव्हाचं तुम्ही बघा."

कापणीला तीन आठवडे राहिले असताना शहरातून डॉक्टरीणबाई आल्या. औषध देणाऱ्या नव्हेत, प्रश्न विचारणाऱ्या. जुळ्या माणसांचा अभ्यास करायचा होता त्यांना. या भावांच्या जोडीला गिरणीवाल्यानं आपली जोडी पुढं केली, एक मुलगा आणि एक मुलगी.

"हे एकसारखे जुळे नव्हेत," बाई म्हणाल्या.

"बघा तरी नीट," गिरणीवाला हट्टाला पेटला. "दोघं डाव्या कुशीवर झोपतात. दोघांनाही गणित येत नाही."

"ते पोरांना एकेकटं जन्मूनही येत नाही," शाळेचे मास्तर म्हणाले.

मग बाईंनी शेतकऱ्याला कळेल असं सांगितलं. एकाच बीजाचे दोन कोंब फुटले, तर ते एकसारखे जुळे. रक्त एक, मांस एक. एका खड्ड्यात दोन बीजं पडून रुजली, तर ती नुसती भावंडं, वाढदिवस तेवढा एक. गिरणीवाला खजील होऊन घरी गेला आणि बायकोला म्हणाला, तू दोन बीजं कशाला घेतलीस.

भावांची मात्र बाईंनी चार दिवस मोजणी केली. कान मोजले, बोटं मोजली, थुंकी बाटलीत भरून शहरात पाठवली. उत्तर आलं, एकच बीज, तसूभर फरक नाही. मग स्वभाव असे दोन टोकांचे का? बाईंनी दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून तेच प्रश्न विचारले.

"तुम्हाला राग येतो?"

"येतो," थोरला म्हणाला.

"त्याला विचारून सांगतो," धाकटा म्हणाला.

बाई हरखल्या. त्यांनी आठ पानं लिहून काढली. आईच्या पोटात थोरल्यानं चांगली जागा धरली असणार, धाकट्याला मागं रेटलं असणार, पोषण जास्त ओढलं असणार, पुढारीपण तिथूनच. थोरल्यानं ती पानं वाचून घेतली आणि मान डोलावली. "जबाबदारीची जाणीव मला पहिल्यापासूनच होती," तो म्हणाला.

आता त्या आठ पानांना एक साक्ष हवी होती. म्हणून बाई सुईणीकडं गेल्या. नव्वदीची म्हातारी, तोंडात दात नाही पण आठवण पक्की. दोघे भाऊ दारात उभे होते आणि निम्मं गाव त्यांच्या मागं.

"पहिला आला तेव्हा त्याच्या पायाला मी लाल दोरा बांधला," सुईण म्हणाली. "मग दुसरा आला. दोघांना एकाच घंगाळात अंघोळ घातली. दोरा सुटून पाण्यात पडला. पोरं दोन्ही सारखीच, सोललेल्या सशासारखी."

बाईंचा हात कागदावर थांबला. "मग?"

"मग काय? जो जास्त ओरडत होता त्याच्या पायाला बांधला. थोरलेपण म्हणजे दुसरं काय असतं, बाई?"

मग धाकट्यानं जन्मातला पहिला प्रश्न विचारला. "रक्तावरून कळेल का हो, आधी कोण ते?"

"रक्त दोघांचं एकच," बाई म्हणाल्या. "त्यात घड्याळ नसतं."

दुसऱ्या दिवशी चौकात बैठक बसली. थोरल्याचं म्हणणं, चाळीस वर्षं वापरली की वस्तू वापरणाऱ्याची. मास्तर म्हणाले, चिठ्ठ्या टाका. शेवटी सुईण काठी आपटून म्हणाली, "ज्या रीतीनं बांधला त्याच रीतीनं पुन्हा बांधते. पाण्यात बसवा दोघांना आणि ओरडू द्या." गावाला हे न्यायाचं वाटलं. फुकटात बघायला मिळतं ते सगळं गावाला न्यायाचंच वाटतं.

दोन बापे मावतील एवढं घंगाळ कुठून आणायचं? कुंभारणीनं गाडीवर दोन रांजण आणले. मोठा खाली उतरवून पाण्यानं भरला, दुसरा, फुटलाबिटला तर असावा म्हणून, तसाच गाडीवर राहिला. दोघे भाऊ पंचा नेसून आत बसले, गुडघ्याला गुडघा लावून. चाळीस वर्षांपूर्वी बसले होते तसेच.

आधी थोरला ओरडला. पण जन्मभर हुकूम सोडणाऱ्याला ओरडायची सवय राहत नाही, हळू बोललं तरी काम होतं ना. तेल न घातलेली बिजागरी कुरकुरावी तसा काहीतरी आवाज आला आणि विरला.

मग धाकट्याची पाळी. त्यानं कुंभारणीकडं बघितलं. ती गाडीवरच्या रिकाम्या रांजणात डोकं घालून तडा शोधत होती. ही काय वेळ होती? पण कारागिराला राहवत नाही. धाकट्यानं डोळे मिटले, तोंड उघडलं.

मंडळी, असा आवाज त्या मुलखात पुन्हा झाला नाही. गिरणीच्या खिडकीची काच गेली. कोंबड्यांनी उद्याची अंडी आजच घातली. पलीकडच्या गावातले लोक, आग लागली समजून, बादल्या घेऊन धावत आले. थोरला तर घाबरून पाण्याखाली गेला, त्याला कानाला धरून वर काढला. सुईणीनं दोरा धाकट्याच्या पायाला बांधला, आणि चौथ्या दिवशी, कापणीच्या आधी, लग्न लागलं.

पुढची गंमत ऐका. कानामागून आली आणि तिखट झाली, तसं झालं. महिन्याभरात नवा थोरला पुढं चालायला लागला. छाती निघाली, आवाज खाली गेला, नवे बूट आले. आणि जुना थोरला? त्याचे खांदे पडले. ढेकळं फोडायला लागला, काही विचारलं की म्हणायचा, त्याला विचारून सांगतो. वर्षानं डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, पुन्हा कान मोजले आणि शहरात जाऊन पुस्तक छापलं, की थोरलेपण जन्मतःच रक्तात असतं. दोघांचे फोटो छापताना अदलाबदल झाली. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कुंभारीण मात्र कुरकुरायची. "मी धाकट्याशी लग्न ठरवलं होतं, हा कोण घरात शिरला?" पण तो ठणकावून सांगायचा, हे थोरलेपण काही मला कुणी दिलेलं नाही. माझ्या स्वतःच्या घशानं, भर चौकात...

चाक थांबलं.

"घशानं?" म्हातारी पाठ न वळवता म्हणाली. "तोंड उघडलं होतं तुम्ही, तेवढं खरं. आतून बुडबुडासुद्धा निघाला नव्हता. ओरडले मी, रिकाम्या रांजणात तोंड घालून. सुईणीनं बघितलं सगळं आणि मुकाट्यानं दोरा तुमच्या पायाला बांधला. खरं तर तो माझ्या पायाला बांधायचा. आता उठा धाकटेराव, भट्टी निवली. मडकी उतरवा."