परतणाऱ्यांचं उणे चिन्ह

छापील कागदावर उणे चिन्ह जेमतेम दोन मिलिमीटर भरतं. अनुयाने पट्टी लावून पाहिलं होतं. तिच्या प्रोग्रॅमच्या एका ओळीतून तेवढंच गळलं होतं आणि हे तिला अकरा आठवडे ठाऊक होतं.

सौरवादळ आलं की ध्रुवांकडच्या आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, ऑक्सिजनचे आयन वर उसळतात आणि पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या लांबलचक शेपटीत शिरतात. काही तिथून कायमचे निसटतात, पुष्कळसे मात्र वळून पृथ्वीकडे येतात. येणाऱ्यांचा वेग उणे धरायचा. तिच्याकडून तो अधिक धरला गेला. परतलेलेही गेलेल्यांत मिसळले. एका वादळात निसटलेल्या ऑक्सिजनचा भलताच फुगलेला आकडा तिच्या आणि सहकारी सलिलच्या नावावरच्या शोधलेखात छापून आला. सोमवारी त्याच आकड्याच्या बळावर सलिल नोकरीच्या मुलाखतीला बसणार होता.

दिघीहून आगरदांड्याकडे फेरीबोट सुटली. अनुयाच्या शेजारी गोदूआत्या पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. प्रवासी मोजणाऱ्या सर्वेक्षणाची एक मुलगी कागदावर रेघा मारत त्यांच्यापाशी आली.

"अगो, सकाळी जाताना रेघ मारलीस, आता येताना परत?" आत्या म्हणाली. "मी काय दोघी आहे?"

"बोटीत चढला की एक रेघ, मावशी. जाणारा का येणारा, ते न्हाय विचारायचं."

"म्हणजे तुझ्या कागदावर अख्खं आगरदांडा दिघीला जाऊन बसलंय!"

बाकावरची माणसं हसली. अनुयाला हसू येईना. तेवढ्यात फोन वाजला. सलिलच होता.

"आकड्याची स्लाइड पहिलीच ठेवलीय. आपले सर मला म्हणाले, एवढ्यावरच घेतील तुला." तो थांबला. "गप्प का गं? बोट लागली की काय?"

"नाही."

समोर धक्का दिसू लागला. उतरल्यावर सांगू, असं तिच्या मनात आलं. असंच आधी दिवाळी झाल्यावर सांगू म्हणून झालं होतं, मग त्याच्या आईचं ऑपरेशन झाल्यावर. पलीकडे ती मुलगी पुढच्या माणसाची रेघ मारत होती.

"कोण गो?" आत्याने तिच्या मनगटाला हात लावला. "गार पडलीयेस."

अनुयाने फोन कानाशी घट्ट धरला.

"सलिल, आकडा चुकलाय. चूक माझी आहे. आपण लेख मागे घ्यायचा, सोमवारच्या आधी."