छोटा कार्ल

“हे मानचिन्ह आमचं नाय,” पारूबाई म्हणाली आणि तिनं ते टेबलावर परत ठेवलं.

आवाज चढलेला नव्हता. तो कधी चढतच नसे. तरी चिकलठाण्याच्या त्या कारखान्यातल्या निरोप समारंभात समोसे खाणारे हात थांबले. मानचिन्हावर सोनेरी अक्षरांत कोरलं होतं : श्री. कार्ल, फिटर. निवृत्त होणारा फिटर, तिचा नवरा कडुबा, खाली मान घालून शाल सावरत होता.

मॅनेजरसाहेब हसले. म्हणाले, वहिनी, सगळा कारखाना यांना याच नावानं ओळखतो. युरोपात राजांचं नाव असायचं हे. नाहीतर कडुबा, हे काय नाव आहे?

सगळे हसले. कडुबाही थोडा हसला. त्याच्या त्या हसण्यानं पारूबाईच्या अंगाची आग झाली.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी मशीन बसवायला जर्मनीहून एक इंजिनियर आला होता. त्याचं नाव कार्ल. कडुबा त्याच्या हाताखाली. हेच साहेब तेव्हा सुपरवायझर. त्यांनीच गंमत म्हणून एकाला मोठा कार्ल, दुसऱ्याला छोटा कार्ल केलं. पाहुणा मात्र दोन दिवसांत ‘कडुबा’ म्हणायला शिकला. ‘ड’वर अडायचा, तरी म्हणायचा. परमुलखातल्या माणसाला जे दोन दिवसांत जमलं, ते आपल्या माणसांना अठ्ठावीस वर्षांत जमत नव्हतं असं नाही. जमवायचं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत त्या दोघांनी एकमेकांना आपापल्या नावाचा अर्थ सांगितला होता. घरी आल्यावर कडुबानं तो बायकोला सांगितला होता.

“साहेब, मी रोज सकाळी पंचशील घेते,” पारूबाई म्हणाली. “खोटं बोलणार नाय, असं बुद्धापुढं म्हणते. मग खोट्या नावाची वस्तू घरात कशी ठेवू? आन् ते राजाचं नाव नाय. त्या पाहुण्यानंच यांना सांगितलं व्हतं. त्यांच्याकडं जुन्या काळी कार्ल म्हंजी साधा माणूस. कुणाचा मालक नाय, कुणाचा गडी नाय. मोकळा. राजे मागून आले.”

“मग चांगलंच की,” साहेब म्हणाले.

“लई चांगलं हाय. पण मोकळ्या माणसाला त्याच्या नावानं हाक मारत्यात. माझ्या सासूची तीन लेकरं गेली. चौथ्याला तिनं कडू म्हटलं, मरणानं तोंडात घेऊन थुंकून टाकावं म्हणून. त्या नावानं हे जगले. त्यालाच तुम्ही हसता व्हय?” तिनं मानचिन्हावरच्या सोनेरी अक्षरांवर बोट ठेवलं. “यांचं नाव कडुबा हाय.”

कडुबानं मान वर केली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि त्याचं नाव तिच्या तोंडून तो पहिल्यांदाच ऐकत होता.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. नवं करून कुरिअरनं पाठवतो, म्हणाले. नाव कसं लिहायचं, ते काही त्यांनी विचारलं नाही.

गेटवर ओळखपत्र काढून घेतलं. नव्या वॉचमननं वही पुढं सरकवली. आता तुम्ही बाहेरचे, म्हणाला. जाताना नाव लिहावं लागतं. कडुबानं पेन घेतलं. आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं सावकाश लिहिलं. शेवटची अक्षरं रकान्यात मावली नाहीत.

वॉचमनलाही तो कार्ल म्हणूनच माहीत होता. त्यानं वही फिरवून वाचली आणि कडुबाच्या पाठीमागं पाहत विचारलं, “कडुबा कोण, काका?”

“मी,” कडुबा म्हणाला.